रेबीज : गोव्यातील नियंत्रण

रेबीज (अलर्क रोग) हा पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून, बहुधा कुत्र्याच्या चाव्यातून, माणसाला होणारा विषाणुजन्य रोग आहे. जखमेजवळ मुंग्या येणे, ताप, पाण्याची भीती, झटके ही लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून खरी लढाई कुत्र्याच्या पातळीवरच लढायला हवी. गोव्यात 2014 मध्ये या रोगाने अनेक माणसे दगावली होती. त्याच सुमारास राज्य सरकार व ‘मिशन रेबीज’ संस्थेने जाळ्यांनी भटके कुत्रे पकडून त्यांना लस टोचण्याची सार्वत्रिक मोहीम हाती घेतली. सोबत शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांवर पाळत होती. 2018 मध्ये एकही मानवी मृत्यू नोंदला गेला नाही, तर 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले.

‘कुत्रे मारूनच टाका’ असे वास्कोसारख्या गजबजलेल्या शहरात अनेकांना वाटते. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईबापांचा राग समजण्याजोगाच आहे. परंतु मारलेल्यांच्या जागी लस न घेतलेले नवे कुत्रे येतात. उलट सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर विषाणूची साखळी तुटते. मात्र गोव्यातील पेडणे, डिचोली तालुक्यांना लागून महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा आहे. कुत्रे सीमा मानत नाहीत. त्यामुळे दरवर्षीचे लसीकरण थांबवता येत नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्वरित लस घ्यावी; खोल जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते.