भंडारा जिल्ह्यातील विडी-कारखान्यांचे विकेंद्रीकरण आणि कामगारांचा दर्जा

भंडारा जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात कामगारकपातीचा मागोवा घेऊ जाता अभ्यासकाची प्रथम निराशा होते. येथील शेतीबाहेरचा मोठा मजूरवर्ग विडी वळणारांचा. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत गोंदिया व तिरोडा ही ठाणीही याच जिल्ह्यात मोडत. जंगलातील तेंदूपत्ता, धानाचा हंगाम सरल्यावर मोकळे होणारे हात आणि रेल्वे यांच्या आधारे हा धंदा वाढला. यंत्र नसल्यामुळे तो थांबल्याचा आवाजही होत नाही.

औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली कपातीच्या भरपाईची तरतूद झाली : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. परंतु ती मागावयाची तर हजेरीपटावर नाव हवे. १९४८ च्या कारखाना अधिनियमानुसार यंत्रशक्तीविना चालणारी जागा सामान्यतः वीस कामगार असल्यासच कारखाना ठरे. मालकाने पाने व तंबाखू सट्टेदाराच्या हवाली केली आणि त्याने ती घरोघर वाटली, की कारखाना उरत नाही व कोणास काढले असेही म्हणता येत नाही. छप्पर, दिवा, पाणी यांचा खर्च वळणारणीकडे जातो. विड्या छाटीत गेल्या तर तोटाही तिचाच. पुढल्या आठवड्यात पाने मिळाली नाहीत, एवढ्यानेच कपात पूर्ण होते.

न्यायालयांतही हा प्रश्न सरळ सुटला नाही. सागर येथील चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली सट्टेदारांस स्वतंत्र कंत्राटदार ठरविले. उलट १९६१ च्या निर्णयसंग्रहातील बिर्दीचंद शर्मा खटल्यात नागपूरच्या कारखान्यात बसून विड्या वळणारे कामगार मानले गेले. आणि लगेच १९६२ च्या शंकर बालाजी वाजे प्रकरणात मनास येईल तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या वळणाऱ्यास तो दर्जा नाकारला गेला. एकाच हाताचे एकच काम; दर्जा मात्र बसण्याच्या जागेवरून व वेळेच्या बंधनावरून ठरला!

१९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यासही कामगाराच्या व्याख्येत आणले. त्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली उचलून धरली. तथापि त्याच अधिनियमाने एका जागी चालणाऱ्या कामास परवाना, शिशुगृह, उपाहारगृह इत्यादी बंधने घातल्यामुळे घरखात्याचे आकर्षण वाढलेच. केरळात १९६८ साली कण्णूर भागातील मालकांनी कारखाने बंद केले तेव्हा सुमारे १२,००० कामगार बेकार झाले. ते एका छपराखाली संघटित होते म्हणून १९६९ साली दिनेश विडी ही सहकारी संस्था उभारू शकले. विखुरलेल्या वस्त्यांत तशी मोजदादही दुर्घट होती.

१९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कल्याणनिधी निर्माण केला. तो उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कर येताना रद्द झाला. निधीचा लाभ ओळखपत्रावर मिळे. घरात मात्र एकीच्या नावावर सासू, सून व मुली मिळून हजारी पुरी करीत, आणि वहीत नाव एकीचेच असे.