माशाला पाणी बाधते, म्हणजे काय होते?

कोकणातून नवा माणूस गिरगावात राहायला आला आणि आठ दिवसांत त्याचे पोट बिघडले, की वाडीतली वडीलधारी मंडळी निदान करून मोकळी होत : "पाणी बाधलं." आमच्या फणसवाडीतल्या चाळींमध्ये हेच निदान माशांनाही लागू असे. खिडकीशेजारी काचेची पेटी, तळाला रेती, दोन-चार पाणवनस्पती आणि रविवारी क्रॉफर्ड मार्केटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेले मासे. पहिले चार दिवस कौतुकाचे. मग एखादा मासा कोपऱ्यात जाऊन उभा राही, काळवंडे, पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकी. दहाव्या दिवशी पेटी रिकामी. "नवं पाणी बाधलं."

निदान खोटे नव्हते. फक्त त्या दोन शब्दांत निदान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या, आणि त्या सुट्या करायला विज्ञानाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आम्हांला माशांचा नाद लागला तो तारापोरवाला मत्स्यालयामुळे. फणसवाडीतून ठाकुरद्वारावरून चर्नी रोडकडे गेले आणि रेल्वे ओलांडली, की मरीन ड्राइव्हवर ते उभे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या पारशी दानशूराने त्यासाठी २ लाख रुपये दिले त्याचे नाव त्याला मिळाले. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडले. पुढे इमारत जीर्ण झाल्याने ते बंद झाले. मुंबईतल्या शाळांच्या कित्येक सहली तिथे गेल्या असतील. काचेच्या पुढे उभे राहून आम्ही मासे पाहत असू. काचेच्या मागे पाण्याचे काय चालले आहे, हे विचारायचे मात्र कोणाला सुचले नाही.

तो प्रश्न लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने विचारला. वनस्पती हवा 'सुधारतात' हे प्रीस्टलीने १७७१ साली पुदिन्याच्या रोपावर दाखवले होते. वॉरिंग्टनने तेच पाण्यात करून पाहिले. दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरियाची रोपे, तळाला वाळू. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, रोपे तो घेऊन ऑक्सिजन देतील आणि पाणी न बदलता दोघे सुखाने नांदतील, असा हिशेब होता. थोड्याच दिवसांत जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पेटी सावरली. १८५० मध्ये त्याने हे लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचेच्या पेट्यांची लाटच आली.

वॉरिंग्टनचा हा समतोल शालेय पुस्तकांत फार आवडीने आला. परंतु त्यात एक मोठी चूक राहिली आहे. माशाला मारतो तो बहुधा ऑक्सिजनचा अभाव नव्हे. मासा आपल्या शरीरातला नत्रयुक्त कचरा प्रामुख्याने अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांतून, अहोरात्र बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भरच पडते. बंद पेटीत हा अमोनिया जातो कुठे? वॉरिंग्टनच्या पेटीतली रोपे तो खत म्हणून थोडाफार शोषून घेत होती. म्हणजे त्याचा प्रयोग यशस्वी झाला, पण त्यामागचे एक मोठे कारण त्याच्या हिशेबातच नव्हते.

उत्तर मिळाले ते गटाराच्या पाण्यात. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. जसे पाणी आत जाई, तसाच अमोनिया घेऊन बाहेर येई. त्यानंतर एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. बागेतल्या मातीचे धुवण घालताच ती पुन्हा सुरू झाली. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने ती थांबली नसती. नळीत कोणीतरी जिवंत होते! विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे करून दाखवले : एक गट अमोनियाचे नायट्राइट करणारा, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करणारा.

ते वीस दिवस लक्षात ठेवावेत. नव्या पेटीतही हे जिवाणू रेतीवर, काचेवर, गाळणीच्या स्पंजावर पुरेसे वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी डोळ्याला स्वच्छ दिसते आणि माशाला विषारी असते. चाळीतले मासे दहाव्या दिवशी का मरत, याचे पहिले उत्तर हे. शाळेत पेटी करायची असेल, तर आधी मासे आणूच नयेत. चिमूटभर नवसागर, म्हणजेच अमोनियम क्लोराइड, पाण्यात टाकावा आणि बाजारात मिळणाऱ्या चाचणी-संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांचे आलेख मुलांकडून काढून घ्यावेत. एक चढतो आणि उतरतो, मग दुसरा, शेवटी तिसरा वाढतच जातो. नत्रचक्र फळ्यावर काढण्यापेक्षा हे बरे.

जाता जाता : पाठ्यपुस्तकातले दुसरे नाव, नायट्रोबॅक्टर, गोड्या पाण्याच्या पेटीपुरते तरी बदलायला हवे. तिथे हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ मध्ये दिसून आले. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्या गाळणीतच होते.

आता डिस्कसकडे वळू. तबकडीसारखा चपटा, गोल मासा. घरगुती मत्स्यपालनातला सर्वांत देखणा आणि सर्वांत नाजूक. योहान नाटेरर हा ऑस्ट्रियन संग्राहक १८१७ ते १८३५ अशी अठरा वर्षे ब्राझीलमध्ये होता. त्याने गोळा केलेल्या नमुन्यांवरून व्हिएन्नाच्या हेकेलने १८४० मध्ये या माशाचे 'सिम्फिसोडॉन डिस्कस' असे नामकरण केले. त्याचे मूळ पाणी रिओ निग्रोचे : चहासारखे काळसर, उबदार, चांगलेच आम्लधर्मी आणि विरघळलेले क्षार जवळजवळ नसलेले. तिथे तो बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत राहतो. हिरवीगार रोपांची पेटी ही आपली हौस, त्याची नव्हे. शिवाय त्याला २८ ते ३० अंश तापमान लागते आणि त्यात पुष्कळ पाणवनस्पती टिकत नाहीत. अॅमेझॉन स्वोर्ड आणि वॉरिंग्टनची व्हॅलिस्नेरिया मात्र तग धरतात.

या बाबतीत मुंबईकर नशीबवान म्हणायचे. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले, तोवर गिरगावची भिस्त विहिरी आणि तळी यांच्यावर होती, आणि समुद्राजवळच्या विहिरीचे पाणी म्हणजे मचूळ व दुष्फेन. विहारनंतर तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि पुढचे तलाव आले. बेसाल्टच्या डोंगरांवर पडलेले हे पावसाचे पाणी बऱ्यापैकी सुफेन असते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तेवढा घालवला, की पेटीत वाढवलेल्या डिस्कसला ते चालते.

तरीही माझ्या पेटीत अपघात झालाच. पेटी दोन महिने मुरलेली, अमोनिया शून्य. लांबून आलेले सहा डिस्कस मी आणले. पिशवी उघडून ते पाणी बादलीत ओतले आणि पेटीतले पाणी थेंबथेंब सोडत दोन तास थांबलो, म्हणजे बदल हळू होईल. सकाळी दोन मेलेले. कारण रसायनशास्त्राचे होते आणि ते मला ठाऊक असायला हवे होते. बंद पिशवीत मासा अमोनिया सोडतो आणि कार्बन डायऑक्साइडही. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरतो आणि अमोनियाचे रूपांतर बहुतांशी अमोनियम आयनात होते, जो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. पिशवी उघडली, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच आयन पुन्हा अमोनिया होतो. साधारण २८ अंशांना, सामू ७ असताना एकूण अमोनियाच्या शंभरात एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सहा-सात भाग. त्या वाढत्या विषात मी त्यांना दोन तास, मोठ्या काळजीने, ठेवले होते. लांबून आलेला मासा पिशवी बंद असतानाच तरंगत ठेवून तापमान जुळवावे. मग पिशवी उघडून त्याला लगेच, आधीच तसाच सामू करून ठेवलेल्या पाण्यात सोडावे. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नये.

त्याला जाळीने खरवडूही नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही साधी वस्तू नाही. डिस्कसची पिल्ले जन्मानंतर आईबापांच्या अंगावरचा हा श्लेष्म खाऊन वाढतात, हे हिल्डेमानने १९५९ मध्ये वर्णिले. या काळात त्यातली प्रथिने व प्रतिपिंडे वाढतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांपासून दूर जाऊ लागतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. दूध सोडवण्याचाच प्रकार!

उरली तिसरी बाधा, आणि ती पाण्याची नव्हेच. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा मुंबईच्या स्थानकांवर आणि बोटींवर प्रवाशांची तपासणी आणि विलगीकरण सुरू झाले. ही कल्पना त्याआधी पाचशे वर्षांची होती. १३७७ मध्ये रागुसा बंदराने बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे ते चाळीस झाले आणि इटालियन 'क्वारांता'वरून क्वारंटीन हा शब्द आला. २०२० नंतर तो चाळीतल्या लहान मुलांनाही शिकवावा लागत नाही. माशांच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो. १९८० च्या दशकात डिस्कसमध्ये एक साथ पसरली. तिला नावच 'डिस्कस प्लेग' पडले. मासे काळे पडत, एकत्र गोळा होत आणि अंगावरून श्लेष्माचे पापुद्रे सुटत. आपापल्या पेटीत निरोगी दिसणारे दोन कळप एकत्र केले, तरी आजार उद्भवू शकतो. प्रत्येक कळप आपल्याबरोबर आपले जंतू बाळगून असतो आणि त्यांना सरावलेला असतो. दुसऱ्याच्या जंतूंना तो सरावलेला नसतो.

म्हणून नव्या माशांसाठी वेगळी पेटी हवी. रेती नाही, रोपे नाहीत, फक्त जुन्या पेटीच्या गाळणीतला मुरलेला स्पंज. रोपे नसली की विष्ठा दिसते, खाल्ले की नाही ते कळते, औषध देता येते. मुदत चार ते सहा आठवडे. कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींची अंडी औषधालाही दाद देत नाहीत आणि काही दिवसांनी फुटतात, म्हणून औषध पुन्हा द्यावे लागते. दोन्ही पेट्यांची जाळी आणि बादली वेगळी. हात मधे धुवायचे. चौथ्या आठवड्यात जुन्या पेटीतला एक धट्टाकट्टा मासा नव्यांच्या पेटीत पाठवायचा. तो आणि नवे, दोघेही पुढचे दहा-पंधरा दिवस नीट खात राहिले, तर मग सगळ्यांना एका पाण्यात आणायचे. माझे उरलेले चार डिस्कस असेच सहाव्या आठवड्यात मोठ्या पेटीत गेले.