मे महिन्यातला हरिश्चंद्रगड : वाटेवर काय दिसतं, काय सांभाळायचं

अकोले : उन्हाळ्यात डोंगर बोडका, बघायला काही नसतं, असं बरेच जण म्हणतात. पाचनईच्या वाटेने सकाळी सहाच्या आत चढायला लागलं तर वेगळंच दिसतं. गवत वाळलेलं असतं, पण ओढ्याकाठची आणि कड्याखालची झाडी हिरवीगार असते. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

पळस, पांगारा तोवर झडलेले असतात. मे महिन्यात पांढरा कुडा फुलतो. याच्या फुलांची भाजी अनेक घरांत होते. अंजनीची निळी-जांभळी फुलं थेट फांदीला चिकटून येतात, लांबून फांदीला रंग लावल्यासारखं वाटतं. महिनाअखेरीस जुन्या झाडांवर सीतेची वेणी लोंबते. ती झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेते. तोडून घरी नेली तर बहुतेक वेळा वाळते, आणि अभयारण्यातून झाड-फूल नेणं हा गुन्हाही आहे. करवंदाच्या जाळ्या याच दिवसांत काळ्याभोर होतात. त्यावर बुलबुल, उदमांजर, कोल्हा सगळ्यांचाच हक्क. पाऊस जवळ आला की पावशाचं 'पेर्ते व्हा' सुरू होतं.

बिबट्या सहसा दिसत नाही, फुफाट्यात त्याचा पंजा उमटलेला दिसतो. रानडुकरांनी उकरलेली जमीन, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, एवढं तरी नशिबात असतं. शेकरू हमखास बघायचं तर भीमाशंकर गाठावं.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात काजवे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर नर चमकतात आणि मादी उजेडानेच उत्तर देते. म्हणून गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश मारला की त्यांचं जमायचं ते जमत नाही. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात, हे शेतकऱ्याने तरी विसरू नये. गर्दीत झाडाखाली गाड्या नेल्या की गवतातल्या माद्याच चिरडतात.

कड्याला आग्या मोहळं असतात. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये. माश्या उठल्या तर हात झटकू नयेत. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. तोंड झाकून लांब पळावं.

सगळ्यात मोठी भीती वणव्याची. गवत चांगलं येतं म्हणून काही जण डोंगर पेटवतात, कुणाची विडी पडते. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कासवं, करवंदाच्या जाळ्या, हिरड्याची रोपं त्यात जळतात. करवंद, हिरडा विकून घरात चार पैसे येतात, तेही जातात. आग दिसली तर वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ लावावा, जागा सांगताना गावाचं आणि जवळच्या ओढ्याचं नाव द्यावं. गडावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून पाचनईतल्या माणसालाही लगेच निरोप धाडावा.