ठिणगीची साक्ष

इतिहास लिहावयाचा तर आधीं साधनें पारखावीं लागतात, हा धडा आम्हांस इतिहासाचार्य राजवाडे यांनीं दिला. १८९८ सालीं त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. कागद काय म्हणतो एवढेंच पाहूं नये, तो कोणीं, केव्हां व कोणत्या हेतूनें लिहिला हेंही विचारावें, ही शिस्त महाराष्ट्रांत रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळें. हीच शिस्त मोटारीच्या दुरुस्तीस लागू पडते असें कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं हंसून सोडून दिलें असतें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत कर्जत येथें घडलेल्या एका क्षुल्लक प्रसंगानें आमचें मत पालटलें.

हें कर्जत मुंबईकरांच्या परिचयाचें घाटाखालचें कर्जत नव्हे. भीमेच्या उत्तरेस, ज्या तालुक्यांत राशीन व सिद्धटेक येतात, तें नगर जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त कर्जत. आमची मोटार २०११ सालची. राशीनच्या रस्त्यावर ती आचके देऊं लागली व समोरच्या फळीवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागला. जिल्ह्याच्या शहरांतील एका मोठ्या कार्यशाळेंत गाडीस यंत्र जोडण्यांत आलें आणि त्यावर सांकेतिक अक्षरें उमटलीं: पी ०३०१. अर्थ असा कीं, पहिल्या सिलिंडरांत मिश्रण नीट पेटत नाहीं. तेथील मंडळींनीं प्रथम प्लग बदलले, पुढच्या खेपेस कॉइल बदलली, आणि दोन्ही वेळां पैसे घेतले. दोन्ही वेळां गाडी कांहीं दिवस नीट चालली व पुन्हां आचके देऊं लागली.

शेवटीं कर्जतच्या एका वृद्ध मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं यंत्र लावलें नाहीं. चारही प्लग काढून क्रमानें फडक्यावर मांडले व पहिला प्लग उन्हांत फिरवून पाहिला. त्याचें टोंक ठीक होतें. पण बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर केसासारखी बारीक काळी रेघ होती, आणि प्लग ज्या खोबणींत बसतो तींत तेल सांचलें होतें. वरच्या झांकणाचें पॅकिंग गळत होतें. त्या तेलांतून वीज बाहेरच्या बाहेर निसटत होती. नवा प्लग बसविला कीं खोबण पुसली जाई, आणि तेल पुन्हां सांचेपर्यंत दोष लपून राही. पॅकिंग बदललें, कॉइलचें रबर पुसून घेतलें, आणि गाडी सुधारली. मेस्त्री म्हणाले, "सर, दिवा खोटं बोलत न्हाई. पण त्यो निस्तं नाव सांगतो, गाव सांगत न्हाई." साधनचिकित्सेवर आम्हीं वर्षानुवर्षें दिलेल्या व्याख्यानांचें सार या एका वाक्यांत आलें आहे, असें आम्हांस वाटलें.

या दोन साक्षीदारांचा पूर्ववृत्तांत पाहण्याजोगा आहे. ठिणगीनें वायु पेटविण्याची युक्ति लेन्वार याच्या १८६० सालच्या इंजिनांतही होती. पण प्लग भरंवशाचा झाला तो १९०२ सालीं, बॉश यांच्या कारखान्यांतील गोटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जुळणारा प्लग सिद्ध केला तेव्हां. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, १९५४ पासून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट ११०० बाहेर पडूं लागली, आणि १९५१ सालीं स्थापन झालेल्या मायको कंपनीच्या बंगळूरच्या कारखान्यांत प्लग तयार होऊं लागले. तालुक्याच्या गांवीं मेस्त्री ही संस्था उभी राहिली ती याच गाड्यांच्या आधारानें.

प्लगाची निवड म्हणजे उष्णतेची निवड. टोंक सुमारें ५०० अंशांहून थंड राहिलें तर त्यावरील काजळी जळून जात नाहीं. ९०० च्या आसपास गेलें तर ठिणगीपूर्वींच मिश्रण पेटतें. म्हणून सावकाश चालणाऱ्या इंजिनास उष्णता धरून ठेवणारा 'गरम' प्लग व जोरानें चालणाऱ्यास 'थंड' प्लग लागतो. येथें आंकड्यांचा घोळ आहे. बॉशच्या जुन्या पद्धतींत १७५ पेक्षां २२५ अधिक थंड. त्यांच्याच नव्या पद्धतींत आंकडा जितका मोठा तितका प्लग गरम. आणि जपानी एन्‌.जी.के. चा आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. जुनी वही व नवी पेटी समोर ठेवून केवळ आंकडा जुळविणारा मनुष्य शक आणि इसवी सन यांची गल्लत करणाऱ्या लेखकाप्रमाणें फसतो. आट्यांची लांबीही पाहावी लागते. ती अधिक झाली तर प्लग पिस्टनवर आदळतो.

जुन्या गाडींत प्लग ही इंजिनाची जीभच होती. टोंक बिस्किटाच्या रंगाचें असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी; कर्जतच्या धुळींत हवेची जाळी तुंबून हें वारंवार घडतें. टोंकावर ओलें तेल असेल तर रिंगा झिजल्या. पांढरें व फोड आलेलें असेल तर उष्णता फार. २००० सालीं देशांत सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत त्यावर शिशाचा थरही बसे, व तो घांसून काढणें हें शागिर्दाचें पहिलें काम असे. फटीचें माप फीलर गेजनें, तें नसेल तर करवतीच्या पात्यानें घेत. ही विद्या कोणत्याही पुस्तकांतून आमच्या गांवीं आली नाहीं. ती हातांतून हातांत आली.

दुसऱ्या साक्षीदाराचा जन्म मात्र निराळ्या हेतूनें झाला, आणि हीच गोष्ट सामान्यतः ध्यानांत घेतली जात नाहीं. लॉस एंजेलिसच्या हवेंतील डोळे झोंबविणारें धुकें मोटारींच्या धुरापासून सूर्यप्रकाशांत तयार होतें, हें हागेन-स्मिट यांनीं १९५० च्या सुमारास दाखविलें. त्यांतून कॅलिफोर्नियाचे कायदे निघाले. १९८८ पासून तेथें गाडीनें आपला दोष आपणच नोंदवावा असा नियम झाला, व १९९६ पासून साऱ्या अमेरिकेंत सोळा टोंचण्यांची एकच जोडणी व एकच संकेतभाषा आली. भारतांत हें बंधन २०१० सालीं सुरू होऊन २०१३ सालीं अधिक कडक झालें. म्हणजे संकेत निर्माण झाला तो मेस्त्रीसाठीं नव्हे, हवेसाठीं. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भांड्याचा नाश करतें, म्हणून तो ओरडतो. कारण सांगणें हें त्याचें कामच नव्हे. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ; पण नळी फाटली, पंप थकला कीं मापक बिघडला, हें शोधणें माणसाकडेच राहतें. पहिल्या सिलिंडराची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी. संकेत ०३०१ चा ०३०२ झाला तर दोष कॉइलचा, न झाला तर अन्यत्र. या उलटतपासणीस एक पैसाही पडत नाहीं. आमच्या गाडीची ती कोणींही केली नव्हती.

तथापि जुन्या विद्येचें केवळ गुणगान करणें हा अन्याय होईल. जुने मेस्त्रीही चुकत, आणि त्यांची चूक पकडण्यास कांहींच साधन नसे. आजच्या गाडींत मिश्रण क्षणोक्षणीं आपोआप सुधारलें जातें, त्यामुळें प्लगाचा रंग पूर्वींइतका बोलका राहिलेला नाहीं. आणि इरिडियमच्या टोंकाचा नवा प्लग पॉलिशपेपरनें घांसला तर साफ होण्याऐवजीं नासतो. चालतां चालतां क्षणभर येऊन नाहींसा होणारा दोष डोळ्यांस दिसत नाहीं. संकेत तो नोंदून ठेवतो.

प्रश्न आहे तो या हस्तविद्येच्या नोंदीचा. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिला निरोपाचे लेख वाहिले. तिचे प्लग वाचणाऱ्या माणसांसाठीं मात्र कोणीं एक ओळ लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचे मेस्त्री सत्तरीच्या घरांत आहेत. त्यांच्या हाताखालीं त्यांचा नातू काम करतो. त्याच्या खिशांत संकेत वाचणारें स्वस्त यंत्र आहे. परवां गेलों तेव्हां तो यंत्रावरील अक्षरें मोठ्यानें वाचीत होता व आजोबा प्लग फडक्यावर मांडीत होते. आम्हीं वही काढली व त्यांच्या शेजारीं बसलों. मोडींतील कागदांसाठीं आम्हीं गांवोगांव वणवण केली. हें दफ्तर तर आमच्याच पेठेंत उघडें होतें, आणि तें वाचून दाखविणारा अद्याप हयात आहे.