साथीचे दिवस आणि सेवामंडळांची वर्गणी

१९१८ सालच्या जून महिन्याची १० तारीख. मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं बोलाविलेली प्रांतिक युद्धपरिषद भरली होती. लोकमान्य टिळक भाषणास उभे राहिले, गव्हर्नरसाहेबांनीं त्यांस मध्येंच अडविलें, आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले. ही हकीकत सुशिक्षित घरांतून बहुधा सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवशीं त्याच शहरांत घडलेली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं. पोलिसांचे सात शिपाई तापानें फणफणून इस्पितळांत दाखल झाले. ताप हिंवतापाचा नव्हता. तो इन्फ्लुएंझा होता, आणि पुढील कांहीं महिन्यांत हिंदुस्थानांत त्यानें एक कोटी वीस लक्षांपासून एक कोटी ऐंशी लक्षांपर्यंत माणसें नेलीं असावींत, असा अलीकडील अभ्यासकांचा हिशोब आहे.

जूनमधील पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरांत आली ती दुसरी, आणि तीच खरी काळलाट. ६ आक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. शहराची वस्ती १९११ च्या खानेसुमारीप्रमाणें दहा लाखांच्या आंतच होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळतो. सरकारी वैद्यकीय खात्यांतील पुष्कळ डॉक्टर युद्धावर गेलेले. त्यांत पाऊस फसला, धान्य कडाडलें. शिवाय १८९७ च्या प्लेगांतील अनुभव सरकारच्या मनांत ताजा होता. त्या वेळीं पुण्यांत सोजिरांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या, लोकांचा संताप झाला, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. तेव्हां १९१८ सालीं सक्तीच्या वाटेस सरकार गेलें नाहीं. आजाऱ्याच्या दारावर थाप मारावयाची तर ती त्याच्या ओळखीच्या हातानें मारली पाहिजे, एवढें शहाणपण वीस वर्षांत आलें होतें. पण असे हात होते कोठें?

ते होते, आणि सात वर्षें आधींपासून कामांत होते. सोशल सर्व्हिस लीग ही संस्था १९११ सालीं मुंबईंत स्थापन झाली. तिचे प्राण म्हणजे नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यांतील गोरेगांवचा हा गृहस्थ आधीं आठएक वर्षें शाळामास्तर होता, आणि १९०९ सालीं गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत शिरला. लीगचे अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. मंडळाचें नित्याचें काम डोळे दिपविणारें नव्हतें. गिरणी-कामकऱ्यांसाठीं रात्रीचे वर्ग चालवावे, चाळींतून पुस्तकांच्या पेट्या फिरवाव्या, मोफत वाचनालयें उघडावीं, दवाखाने चालवावे. वरवर पाहणारास वाटावें, कीं ज्यांच्या पोटाला पुरेसें नाहीं त्यांस पुस्तकांची पेटी कशाला? या शंकेचें उत्तर १९१८ च्या आश्विनांत मिळालें. कोणत्या चाळीच्या कोणत्या मजल्यावर कोण रहातो, कोणाच्या घरीं बाळंतीण आहे, कोण बिऱ्हाडांत एकटा आहे, ही माहिती म्युनिसिपालिटीच्या दप्तरांत नव्हती. ती पेटी नेणाऱ्या स्वयंसेवकाला होती. पैसा एका दिवसांत उभा राहतो. ओळख तशी उभी राहत नाहीं.

साथ भरांत आली तेव्हां लीगनें व तिच्याबरोबर निरनिराळ्या जातींच्या व पंथांच्या मंडळांनीं वर्गणी जमविली, औषधें वांटलीं, रोग्यांस दूध पोंचविलें, दवाखाने व तात्पुरतीं इस्पितळें उघडलीं. इन्फ्लुएंझावर तेव्हां रामबाण औषध नव्हतेंच. खरा उपयोग दुधाचा, उबेचा आणि उठबस करणाऱ्या माणसाचा होता. घरांतील सगळींच माणसें एकदम अंथरुणास खिळत. मग चूल कोणी पेटवावी आणि पाण्याचा गडू कोणीं तोंडाशीं धरावा? हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाईट हे परकी अंमलदार. पण सुशिक्षित व सुस्थितींतील लोक आपल्या गरीब बांधवांच्या साह्यास इतक्या मोठ्या संख्येनें यापूर्वीं कधीं पुढें आले नसतील, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनींही नमूद केला.

सेवेसाठीं मंडळी जमविण्याची ही चाल महाराष्ट्रांत अगदींच नवी नव्हती. १८७७ च्या दुष्काळांत जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनीं धनकवडी येथें मुलांकरितां अन्नछत्र चालविलें व त्यासाठीं लोकांकडे जाहीर मागणी केली. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च रोजीं स्वतःच त्या रोगास बळी पडल्या. लीगनें या कामांत भर घातली ती नोंदणीची, नियमित सभांची आणि हिशोबाची. हिशोब हा शब्द नीरस आहे खरा. पण वर्गणी देणारा दुसऱ्यांदा देतो तो हिशोब पाहूनच.

तरीही या कामाचें मोजमाप करतांना हात आंखडता घ्यावा लागतो. मुंबईंतील त्या साथीच्या मृत्यूंचें प्रमाण समाजवार नोंदलेलें आहे. युरोपियनांत तें हजारीं ८.३, पारशांत ९, उच्चवर्णीय हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांस त्या काळचे अहवाल खालच्या जातीचे हिंदू म्हणत त्यांच्यांत हजारीं ६१.६. एकच शहर, एकच ताप, एकच हवा. पण एका वस्तींतील माणूस दुसरीपेक्षां सातपट मरतो. दाटीचें घर, उपाशी शरीर आणि अस्पृश्यतेनें अडविलेली वाट, या तिहींपुढें दुधाची वाटी किती पुरणार! लीगच्या स्वयंसेवकांनीं कसूर केली असें यावरून ठरत नाहीं. पण सुस्थितांची मदत ज्या गल्लीपर्यंत सहज जाते तिच्या पुढें अजून एक गल्ली असते, हें त्या आंकड्यांत स्वच्छ दिसतें.

सभा आणि वर्गणी यांची दुसरी बाजूही त्याच वर्षीं अमेरिकेंत दिसून आली. २८ सप्टेंबर १९१८ रोजीं फिलाडेल्फिया शहरांत युद्धकर्जाचे रोखे खपविण्यासाठीं प्रचंड मिरवणूक निघाली. ताप शहरांत आला होता, डॉक्टरांनीं इशारे दिले होते. पण देशकार्याचा निधि मागें पडूं नये म्हणून मिरवणूक रद्द झाली नाहीं. सुमारें दोन लक्ष लोक रस्त्यांवर जमले. तीन दिवसांत इस्पितळांतील खाटा भरल्या, आणि दीड महिन्यांत बारा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. निधि उभारण्यासाठीं माणसें जमवावीं, आणि माणसें जमल्यामुळेंच निधीची गरज दसपट व्हावी, असा हा विलक्षण प्रकार!

आतां मुंबई सोडून शंभर कोसांहून दूर, निजामच्या राज्यांत शिरावें. तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत देवगाव रंगारी हें गांव आहे. नांवांतच कापड रंगविणारांच्या धंद्याची खूण आहे. शतकाच्या आरंभीं मनमाडहून औरंगाबाद, जालन्याकडे हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली, आणि लासूर स्टेशन या भागास त्या रेल्वेशीं जोडतें. ज्या लोहमार्गानें कापूस, सरकी आणि पत्रें जात-येत, त्याच मार्गांनीं १९१८ सालीं सर्व देशभर तापही फिरला. रोगी शहरांत आजारी पडे आणि मरावयास गांवीं येई.

अशा गांवांत वर्गणीची यादी काढणारें, सभेचें इतिवृत्त लिहिणारें मंडळ कोठून असणार? औरंगाबाद शहरांतही सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था नुकतीच १९१५ सालीं निघाली होती. संस्थानांत चार माणसांनीं जमणें हीच संशयाची बाब होती. पुढें तर 'गश्ती निशाण ५३' या हुकुमानें पूर्वपरवानगीवांचून सभा भरविण्यास बंदी झाली, आणि रोग नसतांही राज्यानें ती चालविली. गांवाजवळ होता तो शेजारधर्म. तो लहानसहान गोष्ट नव्हे. प्लेगांत गांव सोडून रानांत झोंपड्या घालून राहिलेल्या लोकांना त्यानेंच तारलें. पण शेजारधर्माला शेजारी धड असावा लागतो. इन्फ्लुएंझानें नेमका तोच आधार काढून घेतला. वीस ते चाळीस या वयाचीं, म्हणजे घर उचलणारीं माणसेंच तो अधिक नेई, आणि पुरुषांहून बायका अधिक. सगळी आळी एकदम पडली म्हणजे मदत बाहेरूनच यावी लागते, आणि बाहेरून येणाऱ्या मदतीस पत्ता लागतो. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ सालीं १,३३,७४,६७६ होती. १९२१ सालीं ती १,२४,७१,७७० भरली. दहा वर्षांत वाढ व्हावयाची ती राहिलीच, उलट नऊ लाख माणसें कमी. त्यांत दुष्काळ व प्लेग यांचाही वांटा आहे. पण मोठा घाव तापाचा.

एकशें दोन वर्षांनीं पुन्हा तोच प्रसंग आला. २५ मार्च २०२० पासून सर्व देशांत टाळेबंदी झाली, आणि १८९७ च्या प्लेगासाठीं केलेला साथरोगांचा कायदाच महाराष्ट्रांत पुन्हा बाहेर काढण्यांत आला. आतां मंडळांची वाण नव्हती. १९०५ सालीं शिकागोंत निघालेली रोटरी, १९१७ सालची लायन्स, यांच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत होत्या. रोटरी क्लबचा तर प्राणच सभा. घंटा वाजावी, सभासदांनीं एकत्र जेवावें, पाहुण्याचें भाषण व्हावें, आणि गैरहजेरीचा हिशोब रहावा, अशी ही शिस्तीची मंडळी. तिला एका रात्रींत दार बंद झालें. मग सभा झूमच्या पडद्यावर भरूं लागल्या. होनोलुलू येथें जूनमध्यें भरावयाचें रोटरीचें जागतिक अधिवेशन रद्द होऊन तेंही पडद्यावरच पार पडलें. कोणाचा आवाज जाई, कोणाचें चित्र थिजे. पण फिलाडेल्फियाची चूक या सभासदांनीं केली नाहीं. निधि बँकेच्या खात्यांत परस्पर जमा होऊं लागला. रोटरी फाउंडेशननें एकेका प्रांतिक विभागास पंचवीस हजार डॉलरपर्यंत अनुदान देऊं केलें. मुखपट्ट्या, डॉक्टरांचे अंगरखे, शिध्याचीं पुडकीं, प्राणवायूचीं यंत्रें हीं सर्व माणसें न जमतां जमलीं. माणूस माणसाला न भेटतां सार्वजनिक कार्य होऊं शकतें, हें १९१८ च्या स्वयंसेवकास सांगून पटलें नसतें.

येथें एका जुन्या कामाची आठवण देणें अवश्य आहे. १९८५ पासून रोटरीनें पोलिओविरुद्ध जी मोहीम चालविली, तींत वर्गणी हा अर्धाच भाग होता. दुसरा अर्धा भाग म्हणजे दारोदार फिरून भिंतीवर खडूची खूण करणें. आणि ज्यांस दारच नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न त्या मोहिमेला फार उशिरां पण नीट सुचला. वीटभट्ट्या, बांधकामें, भटक्यांचे तळ यांच्या निराळ्या याद्या झाल्या. स्टेशनांवर व मोटारस्टँडांवर डोस पाजणारे उभे राहिले. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं सांपडला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. म्हणजे ज्यांचा पत्ता नाहीं त्यांचीही नोंद ठेवतां येते, हें सिद्ध झालेलें होतें.

२०२० च्या उन्हाळ्यांत अशी नोंद हाताशीं असती तर? शिध्याचें पुडकें घरीं पोंचतें. रस्त्यानें चालणाऱ्याला घर नसतें. जालन्याच्या पोलादी कारखान्यांत काम करणारे मध्यप्रदेशांतील कांहीं मजूर मे महिन्यांत पायीं निघाले. भुसावळहून आपल्या मुलखाकडे जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें ते रुळांच्या कडेनें चालत होते, आणि थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले. तो लोहमार्ग म्हणजे जुन्या गोदावरी व्हॅली रेल्वेचाच. देवगावकडे जाणारा उतारू त्याच मार्गावर पुढें लासूरला उतरतो. ८ मेच्या पहांटे मालगाडी आली आणि सोळा जण प्राणास मुकले. त्यांच्या फडक्यांतील पोळ्या रुळांवर पसरल्या होत्या. महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन्ही सरकारांनीं प्रत्येकाच्या कुटुंबास पांच-पांच लक्ष रुपये जाहीर केले, आणि ज्या गाडीसाठीं ते चालत निघाले होते तशी एक खास गाडी सोडून त्यांचे देह त्यांच्या मुलखीं पोंचविण्यांत आले.