पहारा उठल्यावर

कावीळ ओसरली की तिचा विषाणूही शरीरातून गेला, असे आपण धरून चालतो. ‘हिपॅटायटिस बी’च्या बाबतीत तसे होतेच असे नाही. या विषाणूचा डीएनए यकृतपेशींच्या केंद्रकात वर्षानुवर्षे टिकू शकतो. प्रतिकारशक्ती त्याला केवळ दाबून ठेवते.

हा पहारा उठला तर? लिंफोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. त्यावरील औषधे कर्कपेशींबरोबर विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये लिंफोमाच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बरूक ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये वर्णन केलेले या विषाणूचे प्रथिन त्यांपैकी २७ जणांच्या रक्तात होते. केमोथेरपीनंतर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत विषाणू उफाळला.

यकृताची हानी पुष्कळदा औषधे थांबल्यावर होते. पूर्ववत होणारी प्रतिकारशक्ती विषाणू असलेल्या यकृतपेशींवरच तुटून पडते. कर्करोग आटोक्यात, पण रुग्ण काविळीने दगावला, असेही घडले.

मग विषाणूविरोधी औषध आधीच दिले तर? हाँगकाँगमध्येच विषाणू बाळगणाऱ्या ३० लिंफोमा रुग्णांचे दोन गट केले गेले. १५ जणांना केमोथेरपीपूर्वीच लॅमिव्ह्युडिन दिले, तर उरलेल्या १५ जणांना विषाणू वाढल्याचे दिसल्यावर. निष्कर्ष २००३ मध्ये आले : दुसऱ्या गटात ८ जणांत विषाणू उफाळला, पहिल्या गटात एकाही नाही.

आज त्याहून प्रभावी औषधे आहेत. पण केमोथेरपीपूर्वी करायची ती साधी रक्ततपासणी राहून गेली, तर त्यांचा उपयोग काय?