जागे होणाऱ्या यंत्राची स्मरणवही

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि राजवंश उभे राहतात. आम्ही मात्र आज एका लहानशा वहीचा इतिहास सांगणार आहोत. ही वही कागदाची नव्हे. घरातला इंटरनेटचा राऊटर, कारखान्यातले नियंत्रण-यंत्र अशा छोट्या संगणकांच्या पोटात ती असते. वीज आली की यंत्र जागे होते. परंतु पुढचा कार्यक्रम कोठून उचलावा, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. हे काम करणाऱ्या छोट्या कार्यक्रमाला बूटलोडर म्हणतात, आणि त्याच्या सूचना ज्या वहीत नोंदलेल्या असतात तिला एन्व्हायर्नमेंट.

पूर्वी ही वही माणसाच्या डोक्यात असे. १९७५ सालच्या अल्टेअर ८८०० या यंत्राला जागे करावयाचे तर पुढच्या फळीवरील खटके एकेक करून वरखाली करावे लागत. वीज गेली की सारे पुन्हा पहिल्यापासून! १९८१ च्या आयबीएम पीसीत काही सूचना आतल्या पाटीवरील खटक्यांवर बसविल्या. १९८४ च्या पीसी-एटीत त्या बॅटरीवर जगणाऱ्या स्मृतीत गेल्या. बॅटरी संपली की यंत्र आपली ओळख विसरे. पुढे विजेवाचून टिकणारी फ्लॅश स्मृती स्वस्त झाली आणि वहीला कायमचे घर मिळाले.

या वहीचे आजचे प्रसिद्ध रूप यू-बूट या बूटलोडरमध्ये आढळते. मॅग्नस डॅम यांच्या ८एक्सएक्सरॉम या कार्यक्रमावर जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी काम पुढे चालविले. २००० साली तो सोर्सफोर्ज या सार्वजनिक भांडारात ठेवताना अंकाने सुरू होणारे नाव तेथे चालेना, म्हणून त्याचे पीपीसीबूट असे बारसे झाले. २००२ साली इतर जातींच्या चिपांनाही त्यात सामावून घेतल्यावर यू-बूट हे नाव आले.

वहीची मांडणी साधी आहे: डावीकडे नाव, मध्ये बरोबरीचे चिन्ह, उजवीकडे मजकूर. ‘बूटडिले’ म्हणजे किती सेकंद थांबावयाचे, ‘बूटसीएमडी’ म्हणजे मग काय करावयाचे. ‘सेटएन्व्ह’ ही आज्ञा दिली की नोंद बदलते, पण केवळ तात्पुरत्या स्मृतीत. ‘सेव्हएन्व्ह’ म्हटल्यावाचून ती फ्लॅशमध्ये उतरत नाही. बोलणे आणि लिहून देणे यांतला भेद येथे चांगला पाळला आहे.

परंतु लिहिलेले खरे कशावरून? आपल्या जुन्या पत्रव्यवहारात याचे उत्तर होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब. मोर्तब उमटले की त्याखाली कोणाला ओळ घुसडता येत नसे. यू-बूटची वहीही तशीच आहे. माथ्यावर सर्व मजकुरावरून गणिताने काढलेला एक अंक असतो, त्यास सीआरसी म्हणतात. शेवटी दोन शून्ये म्हणजे मजकूर संपल्याची खूण. जागे होताच बूटलोडर तो अंक पुन्हा काढतो. जुळला नाही तर वही बाजूला ठेवून स्वतःत मुळातच कोरलेल्या सूचनांवर काम चालवितो.

फ्लॅशचा आणखी एक स्वभाव आहे. तीत नवे लिहिण्यापूर्वी जुने पुसावे लागते, आणि तेही मोठ्या तुकड्यांनी. पुसल्यावर, लिहिण्याच्या आत वीज गेली तर? म्हणून पुष्कळ ठिकाणी वहीच्या दोन प्रती ठेवतात. नवी प्रत दुसऱ्या जागी पुरी लिहून होईपर्यंत पहिलीला हात लागत नाही. कोणती प्रत ताजी, हे एका लहान खुणेवरून कळते.

तथापि शिक्का बरोबर असला म्हणजे सूचना शहाणपणाची असतेच असे नाही. २००४ च्या जानेवारीत मंगळावरील स्पिरिट गाडीने हा धडा दिला. तिची यंत्रणा वेगळी, पण दुखणे याच जातीचे. फ्लॅशमध्ये फायलींची गर्दी झाली, ती वाचता वाचता स्मृती अपुरी पडे, आणि गाडी साठाहून अधिक वेळा पडून पुन्हा उठली. कोट्यवधी मैलांवर कोण जाऊन खटका दाबणार? अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता जागे होण्याची आज्ञा पाठविली, आणि गाडी वाचली. तिचा शेवटचा संदेश २०१० च्या मार्चमध्ये आला.

यू-बूटमध्ये अशा फेऱ्यावर उपाय आहे. प्रत्येक जागृतीला ‘बूटकाउंट’ एकाने वाढतो. यंत्र नीट उभे राहिले की मुख्य कार्यक्रमाने तो शून्य करावयाचा. आकडा ‘बूटलिमिट’च्या पलीकडे गेला की नेहमीची आज्ञा सोडून ‘आल्टबूटसीएमडी’ ही दुसरी वाट धरली जाते. हे सारे आधी मांडून ठेवावे लागते. यंत्र डोंगरावरच्या मनोऱ्यात गेल्यावर सुचून उपयोग नाही.

आमच्या मते या छोट्या वहीच्या इतिहासाचे सार हेच आहे. सूचना बदलता आल्या पाहिजेत. पण नोंद तपासल्यावाचून तिच्यावर विसंबू नये, नवी पक्की होण्यापूर्वी जुनी फाडू नये, आणि आपला हात चुकेल हे धरून परतीची एक वाट मोकळी ठेवावी.